रस्ता रुंद करा, पण त्या ढोल्या पाडू नका : ऑस्ट्रेलियातल्या आमच्या शायर कौन्सिलला (गावाकडच्या स्थानिक पालिकेला) खुलं पत्र

मा. मेयर आणि सर्व कौन्सिलर मंडळी,

नमस्कार. मागच्या मीटिंगमध्ये तुम्ही आमच्याकडचा ग्रॅव्हल रोड रुंद करायचा ठराव पास केलात आणि त्यासाठी रोडसाइडची जुनी झाडं काढायचं पण ठरवलंत. त्यात वाळलेले रेड गम (निलगिरीच्या कुळातले) आहेत, जिवंत रेड गम आहेत आणि बुलोकची (सुरूच्या कुळातलं झाड) एक अख्खी रांग आहे. मला हे कळलं बेकरीत, पाय (pie) घ्यायच्या लाइनमध्ये उभी असताना, आणि तोवर बुंध्यांवर गुलाबी स्प्रेचे क्रॉस मारून पण झाले होते. हे मला मान्य नाही आणि गप्प बसणं जमणार नाही, म्हणून हे पत्र.

कौन्सिलचं नाव मुद्दाम टाकत नाहीये. एक तर तुम्ही कोण ते तुम्हाला माहितीये, आणि दुसरं म्हणजे विमेरात, व्हिक्टोरियाच्या पश्चिमेच्या या शेतीच्या पट्ट्यात, हॉर्शमपासून साउथ ऑस्ट्रेलियाच्या बॉर्डरपर्यंत कुठल्याही शायरमध्ये आज ना उद्या असाच ठराव येणार आहे. इंग्रजी पत्र तुमच्या ऑफिसात रीतसर दिलंय, त्याची पोच पण आलीये, ऑटोमॅटिक ईमेलची. हे मराठीत लिहितेय ते आमच्या लोकांनी वाचावं म्हणून. हॉर्शम, निल, स्टॉवेल, ॲरारॅट, या भागातल्या हॉस्पिटलांमध्ये, एज्ड केअरमध्ये (वृद्धांच्या देखभाल केंद्रांत) आता थोडीफार मराठी मंडळी आहेत. वीकेंडला ग्रॅम्पियन्सच्या डोंगरात जाऊन कांगारूचे फोटो टाकतात (मी पण टाकते), पण कौन्सिलचा विषय निघाला की लगेच "जाऊ दे गं, आपण बाहेरचे, आपल्याला काय करायचंय". अरे बाबांनो, रेट्स (कौन्सिलचा घरपट्टीसारखा कर) भरताना बाहेरचे नसतो आपण. आणि इथे कौन्सिलला लेखी आक्षेप द्यायला सिटिझन असावं लागत नाही, एवढं तरी लक्षात ठेवा.

मी एज्ड केअरमध्ये नर्स आहे, नवरा अ‍ॅग्रोनॉमिस्ट (पिकांचा सल्लागार). नाइट ड्यूटी संपवून मी याच रस्त्याने घरी येते, म्हणजे उजाडताना, आणि उजाडताना या रस्त्यावर काय काय असतं हे तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलंय मला माहीत नाही. तुमची मीटिंग दुपारी असते. मूळची मी उत्तर सोलापूरची, नान्नजच्या माळढोक अभयारण्यापासून आमचं शेत फार लांब नाही. १९७९ पासून ते अभयारण्य आहे. बोर्ड आहे, गेट आहे, वॉचटॉवर आहे, आणि आता माळढोक दिसला तर पेपरात बातमी येते अशी परिस्थिती आहे. माझ्या वडिलांनी तो शेताच्या कडेने चालताना पाहिलेला, मी जास्त करून बोर्डवर पाहिला. त्यामुळे एखादा पक्षी कसा जातो हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. गोळ्या घालून शेवटचे किती मारले असतील ते असतील, बाकी सगळा कारभार ठराव, मंजुरी, रुंदीकरण, "पर्यायी व्यवस्था करू" असाच चालतो.

आता मूळ मुद्द्यावर येते. तुमच्या रिपोर्टमध्ये लिहिलंय की ही झाडं "कमी महत्त्वाची" आहेत कारण निम्मी मेलेली आहेत आणि आसपास शेतीच आहे, जंगल नाही. अहो, आसपास शेती आहे म्हणूनच तर ती महत्त्वाची आहेत ना! विमेरातली जमीन कधीच साफ झालीये. गहू, बार्ली, कनोला, मसूर, वाटाणे. (आपल्याकडच्या डब्यातली मसूर डाळ बऱ्याचदा इथून आलेली असते, त्यामुळे मराठी वाचकांनी अगदीच नामानिराळं राहू नये.) पॅडकमध्ये (कुंपण घातलेल्या शेतात) मधोमध एखादं एकटं बुलोक उभं असायचं, तेही आता ट्रॅक्टर जीपीएसवर सरळ रेषेत चालायला लागल्यापासून अडचण झालंय. उरलं काय तर रस्त्याच्या कडा. जुन्या सर्व्हेअर लोकांनी इथे एक चेन, दोन चेन, तीन चेन असे रस्ते आखले, म्हणजे वीस ते साठ मीटर रुंद, डांबर किंवा ग्रॅव्हल मधे थोडंसं आणि दोन्ही बाजूंना जुनं रान तसंच राहिलेलं. आमच्याकडे बांधावरची बाभळ, लिंब जेसीबीने काढल्यावर सुगरणीला घरटं बांधायला जागा उरली नाही, इथे रोडसाइडचं नेमकं तेच आहे. व्हिक्टोरियातलं बुलोकचं रान सत्त्याण्णव टक्के गेलेलं आहे. बुलोक वुडलँड २००० सालापासून फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, यादीत एंडेंजर्ड (धोक्यात असलेलं) म्हणून आहे. उरलेल्या तीन टक्क्यांतला बराचसा भाग असाच, रस्त्याच्या कडेला, पॅडकच्या कुंपणाला टेकून उभा आहे. आणि तुम्ही म्हणता कमी महत्त्वाची.

आणि या रांगेवर कोण येतं ते पण सांगते, कारण रिपोर्टमध्ये त्याचा उल्लेख एका ओळीचा आहे आणि ती ओळ चुकीची आहे. रेड-टेल्ड ब्लॅक कॉकाटू, लाल शेपटीचा काळा काकाकुवा. संपूर्ण ऑस्ट्रेलियात या पक्ष्याच्या वेगवेगळ्या पोटजाती आहेत, उत्तरेत मोठाले थवे आहेत, पण आपली जी साउथ-ईस्टर्न पोटजात आहे ती फक्त नैर्ऋत्य व्हिक्टोरिया आणि त्याला लागून असलेल्या साउथ ऑस्ट्रेलियात, बाकी जगात कुठेच नाही. दीड हजाराच्या आसपास पक्षी, सगळे मिळून. दरवर्षी ऑटममध्ये व्हॉलंटिअर स्ट्रिंगीबार्कचं (हीपण निलगिरीच्या कुळातली झाडं) जंगल वाटून घेऊन त्यांची मोजणी करतात. खाणं म्हणाल तर तीन झाडांच्या बिया, ब्राउन स्ट्रिंगीबार्क, डेझर्ट स्ट्रिंगीबार्क आणि बुलोक. एवढंच. गहू सांडलेला असला तरी तो गाला आणि कोरेला या दुसऱ्या काकाकुव्यांसाठी, हा तिकडे बघत पण नाही. २००६ च्या मेलबर्न कॉमनवेल्थ गेम्सचा मॅस्कॉट 'कराक' हाच पक्षी होता, सगळ्यांनी त्याची खेळणी घेतली, मुलांच्या कपाटात कुठेतरी अजून असतील.

कुठल्याही कागदाशिवाय हा पक्षी तुम्ही स्वतः ओळखू शकता. बुलोकखाली जाऊन बघा. जमिनीवर बोटाएवढ्या डहाळ्या पडलेल्या असतात, टोक तिरकं कापलेलं, आणि त्यात ती छोटी खरबरीत शंकूसारखी फळं, चावून चावून भुगा केलेली. ताजी असली तर आतून फिकट दिसतात, जुनी असली तर राखाडी पडलेली. वर शांतता असते, फक्त कुरकुर आवाज आणि अंगावर कचरा पडत राहतो. उडाले की नराच्या शेपटीतला लाल पट्टा दिसतो, बसलेला असताना तो नुसता काळा दिसतो, म्हणून लोक म्हणतात कावळा असेल. मादीच्या डोक्यावर आणि खांद्यावर पिवळे ठिपके, हळदीच्या कार्यक्रमातून उठून आल्यासारखी. मी हे क्रॉस मारलेल्या रांगेखाली पाहिलंय, या वर्षी पण, मागच्या वर्षी पण. फोटो दिले, जागा दिली, तारखा दिल्या. उत्तर आलं की डेटाबेसमध्ये या रस्त्यावर या पक्ष्याची नोंद नाही आणि रहिवाशांनी सांगितलेलं पुरावा म्हणून धरता येत नाही.

हे मला सगळ्यात जास्त लागलं, खरं सांगते. नोंद नाही म्हणजे पक्षी नाही असं कसं? नोंद नाही म्हणजे कुणी नोंद केली नाही. राज्याच्या बायोडायव्हर्सिटी ॲटलासमध्ये नोंदी जातात कुठून, माणसांकडूनच ना? इथल्या शेतकऱ्यांना कुठल्या डॅमवर कोण पाणी प्यायला येतं ते पाठ असतं, माझ्या वॉर्डमधल्या नव्वदीच्या आजोबांना लहानपणी शाळेच्या वाटेवर लोवनचा (ढिगाऱ्यात अंडी पुरणारा पक्षी) ढिगारा कुठे होता ते अजून आठवतं, सकाळचा नाश्ता आठवत नाही. हे सगळं कुणाच्या एक्सेल शीटमध्ये नाही म्हणून तुम्ही शून्य धरणार. मग मी आता सगळ्या नोंदी ॲटलासला टाकल्यात, शेजारणीने पण टाकल्यात, मंजूर व्हायला वेळ लागेल तेवढा लागू दे. तोवर चेनसॉ थांबवा.

आता ढोलीचं बोलूया, कारण तुमचं सगळ्यात मोठं गृहीतक तिथेच चुकतंय. तुम्ही म्हणता वाळलेलं झाड म्हणजे धोका, पाडा, त्याच्या बदल्यात दहा रोपं लावू. आता आमच्या महाराष्ट्रात एक सोय आहे, सुतार पक्षी आणि तांबट. ते बसतात ठक ठक करत, एखाद्या मऊ फांदीत आपापलं भोक पाडतात, आणि त्यांनी सोडलेल्या भोकात मग मैना, पोपट, पिंगळे राहायला येतात. ऑस्ट्रेलियात सुतार पक्षी नाही. एक पण नाही. इथे ढोली कुणी कोरत नाही, ती होते. आधी वादळात फांदी तुटते, मग आत बुरशी जाते, वाळवी जाते, आग लागून जाते, आणि हे सगळं होत होत छोट्या पक्ष्याची ढोली व्हायलाच शंभरेक वर्षं जातात, ब्लॅक कॉकाटूएवढ्या धिप्पाड पक्ष्याला आत उतरता येईल अशी ढोली व्हायला त्याहून कितीतरी जास्त. झाड मेलं तरी ढोली मरत नाही, मेलेल्या रेड गममध्ये कॉकाटू पिढ्यान्‌पिढ्या अंडी घालतात. एका वेळी एकच अंडं, बरं का. ढोलीला गिऱ्हाईकं पण किती, गाला, कोरेला, पोसम (झाडांवर राहणारा पिशवीवाला प्राणी), मधमाश्या (त्या युरोपातून आणलेल्या, आता रानटी झालेल्या), वटवाघळं, आउलेट-नाइटजार (छोटा निशाचर पक्षी). पोसम वर चढून अंडी खाऊ नये म्हणून काही शेतकऱ्यांनी स्वतःच्या पॅडकमधल्या घरट्याच्या झाडांना पत्र्याचे पट्टे मारून घेतलेत. आणि कौन्सिल त्याच झाडांच्या भाऊबंदांना गुलाबी क्रॉस मारणार.

दहा रोपांचं पण बघितलंय मी. मागच्या वेळी जंक्शनजवळ झाडं काढली त्याच्या बदल्यात लावलेली रोपं जाऊन बघा, प्लास्टिकच्या नळकांड्या रांगेत उभ्या आहेत, आत वाळलेली काडी आणि कोळ्याचं जाळं, काहींमध्ये तर काडी पण नाही. पहिल्या उन्हाळ्यात पाणी कुणी घातलंच नाही. बुलोक तर अजूनच नाजूक प्रकरण, सशांना कोवळं बुलोक फार आवडतं, आणि जगलंच तरी पोटभर बिया द्यायला त्याला शंभर वर्षं लागतात. म्हणजे तुमचं रोप सगळं नीट झालं तर साधारण एकविसाव्या शतकानंतर कामाला येईल. तोपर्यंत पक्ष्यांनी काय करायचं, वेटिंग लिस्टवर राहायचं?

सर्व्हेबद्दल एक तक्रार आहे ती पण लिहून टाकते. सर्व्हे झाला दुपारी, एका दिवसात, बराचसा गाडीतून. ब्लॅक कॉकाटूची मादी अंड्यावर एकटी बसते, ढोलीत खोल, खालून पंखाचं टोक पण दिसत नाही. नर दिवसभर बाहेर आणि अंधार पडायच्या आधी येऊन तिला भरवतो, तेव्हा ती बाहेर येते, दोघांचा आवाज होतो आणि तेवढ्या वेळात घरटं कळतं. दुपारी दोनला गाडीतून बघून "ॲक्टिव्ह घरटं आढळलं नाही" लिहिणं म्हणजे नाइट शिफ्टच्या माणसाच्या घराला दुपारी बाहेरून बघून घर रिकामं आहे म्हणण्यातला प्रकार आहे. (हा अनुभव आम्हाला पार्सलवाल्याचा आहे.) संध्याकाळी बघा, काठीला कॅमेरा लावून ढोलीच्या आत बघा. त्याला रॉकेट सायन्स लागत नाही, एक माणूस आणि एक फोल्डिंग खुर्ची लागते.

आणि हे सगळं कधी करताय? जानेवारी २०२५ मध्ये लिटल डेझर्ट नॅशनल पार्कला वीज पडून आग लागली, ६० हजार हेक्टरच्या वर जळालं. त्याच उन्हाळ्यात ग्रॅम्पियन्स पण जळाले. स्ट्रिंगीबार्कची वरची पालवी होरपळली की पुन्हा भरपूर बी धरायला आठ-दहा वर्षं जातात. म्हणजे या पक्ष्यांचं एवढं मोठं कोठार आत्ता रिकामं आहे. लोवनचं, म्हणजे मॅलीफाउलचं, त्याहून वाईट. तो पालापाचोळा आणि वाळूचा मोठा ढिगारा करून त्यात अंडी पुरतो, नर महिनोन्‌महिने चोचीने आतली उष्णता तपासत वाळू ओढतो-काढतो, साधारण ३३-३४ डिग्री ठेवतो, आणि त्याला जुनं, बरीच वर्षं न जळलेलं रान लागतं कारण पालापाचोळा तिथेच साचतो. नॅशनल पार्क जळाल्यावर या सगळ्यांना जायला उरलेत ते छोटे तुकडे, खाजगी ब्लॉक्स आणि रोडसाइड. अशा वर्षात कुऱ्हाड काढायची म्हणजे वेळ निवडलीत छान.

बाय द वे, हा लिटल डेझर्टचा पार्क तरी कसा वाचला ते पण आठवून बघा. १९६९ मध्ये राज्य सरकारनेच लिटल डेझर्ट तोडून तिथे शेतं पाडायचा घाट घातला होता. शेतीतज्ज्ञ म्हणाले जमीन त्या लायकीची नाही, अर्थतज्ज्ञ म्हणाले पैसे बुडतील, लोकांनी सभा घेतल्या, पत्रं लिहिली, आणि सरकारला माघार घ्यावी लागली. त्यातूनच पुढे सरकारी जमिनीचं काय करायचं हे आधी तपासायला लँड कन्झर्वेशन कौन्सिल आली. पूर्ण लिटल डेझर्ट पार्कात यायला मात्र १९८८ उजाडलं. म्हणजे या भागात पत्रं लिहिण्याची परंपरा जुनी आहे, मी काही नवीन फॅड आणलेलं नाही.

आता नोटिशीचं. तुमची नोटीस लागली ऐन हार्वेस्टमध्ये, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरला, जेव्हा या शायरमधली निम्मी माणसं रात्री अकरापर्यंत हेडरवर (कापणीच्या मोठ्या मशीनवर) असतात आणि उरलेली सायलोवर (धान्याच्या उंच कोठारांवर) ट्रक रिकामे करत असतात. त्यात ख्रिसमस. प्रतिक्रिया कमी आल्या म्हणून लोकांचा विरोध नाही असं मीटिंगमध्ये सांगितलं गेलं. २०२० च्या लोकल गव्हर्नमेंट ॲक्टप्रमाणे प्रत्येक कौन्सिलला कम्युनिटी एंगेजमेंट पॉलिसी ठेवावी लागते, तुमची पण आहे, मी पूर्ण वाचली. त्यात "योग्य वेळ" असे शब्द आहेत. हार्वेस्ट ही योग्य वेळ आहे असं म्हणणारा एक शेतकरी मला दाखवा.

ट्रॅडिशनल ओनर्सना, म्हणजे या जमिनीच्या मूळ आदिवासी मालकांना, विचारलंत का, हे पण मिनिट्समध्ये कुठे सापडलं नाही. २००५ मध्ये वोटजोबालुक आणि बाकीच्या गटांचं नेटिव्ह टायटल (जमिनीवरचा पारंपरिक हक्क) मान्य झालं, व्हिक्टोरियातलं पहिलं, आणि बारेन्गी गाजिन लँड कौन्सिल या त्यांच्या संस्थेचं ऑफिस हॉर्शमला आहे, फोन उचलला की लागतो. जुन्या रेड गमवर होडीसाठी, भांड्यांसाठी साल काढल्याचे व्रण असतात. क्रॉस मारलेल्या एका झाडाला लांबट, कडा सुजून आत वळलेला तसाच एक जुना व्रण आहे. तो तसलाच आहे की फांदी तुटून झालाय हे मी ठरवू शकत नाही, तुमचा कॉन्ट्रॅक्टर पण नाही. ज्यांना कळतं त्यांना बोलवा.

स्लॅशिंगवरून एक छोटं. आगीसाठी गवत कापायलाच पाहिजे, त्याला माझी ना नाही, सीएफएचे (गावोगावच्या अग्निशमन दलाचे) व्हॉलंटिअर आमचे मित्र आहेत आणि आगीच्या रात्री ते कुठे असतात हे मला माहितीये. पण स्प्रिंगमध्ये कुंपणापासून कुंपणापर्यंत सगळंच सपाट करायचं कारण काय? त्याच दिवसांत स्टम्पी-टेल सरडे जोडीजोडीने फिरत असतात, जाड, हळू, डोकं कुठलं आणि शेपूट कुठली कळत नाही असे. फ्लिंडर्स युनिव्हर्सिटीच्या प्रोफेसर माइक बुल यांनी १९८२ पासून तीसेक वर्षं यांचा अभ्यास केला, तेव्हा दिसलं की नर-मादी दर स्प्रिंगला पुन्हा त्याच जोडीदाराकडे येतात, वर्षानुवर्षं. आपल्या रस्त्यावर स्लॅशर गेल्यानंतर मी त्यातले किती उचलून बाजूला ठेवलेत, जिवंत नव्हे. कडेची पट्टी कापा, बाकी डिसेंबरपर्यंत राहू द्या.

आणि सायलो आर्ट. मला ती फार आवडते, पाहुणे आले की मी हौसेने फिरवते. कनिवाच्या सायलोवर ससाणा आणि ऑर्किड, गोरोकला कुकाबुरा, मॅगपाय आणि गाला. या भागाने पक्ष्यांची चित्रं एवढी मोठी काढलीत की हायवेवरून दिसतात. टुरिझमच्या ब्रोशरमध्ये तुम्ही पण पक्षीच छापता. पण चित्रातल्या पक्ष्याला ढोली लागत नाही, हा त्यातला फरक.

रस्त्याबद्दल तुमची अडचण मला कळते, असं समजू नका की नर्सबाईला शेतीतलं काय कळणार. घरात अ‍ॅग्रोनॉमिस्ट आहे, जेवताना हाच विषय असतो. हेडर दरवर्षी मोठा होतोय, समोरून बी-डबल (दोन ट्रेलरचा लांब ट्रक) आला तर एकाला थांबावंच लागतं, धुळीत काही दिसत नाही, आणि मागे त्या वळणावर यूट (छोटा पिकअप ट्रक) उलटली होती ती मी स्वतः पाहिली. रस्ता सुधारायलाच हवा. पण सगळीकडे सारखा रुंद कशाला? ज्या ठिकाणी झाडं नाहीत तिथे पुलिंग बे करा, समोरून गाडी आली की एकाने आत घ्यायचं, आमच्या घाटात हेच चालतं. रांगेच्या बाजूला रस्ता न सरकवता समोरच्या बाजूला सरकवा, तिकडे नुसतं केप वीडचं तण आहे, आणि त्या शेतकऱ्याला कुंपण मागे घ्यायला पैसे द्या, तो तयार आहे, त्यानेच मला सांगितलंय. त्या पट्ट्यात स्पीड ८० करा. लटकलेल्या फांद्या क्लाइम्बर बोलवून छाटा, खोड उभं राहू द्या. यातलं प्रत्येक काम झाड पाडण्यापेक्षा थोडं कटकटीचं आहे, मान्य आहे, म्हणूनच ते कौन्सिलने करायचं असतं.

तर माझ्या मागण्या. या माझ्या एकटीच्या नाहीत, रोडवरच्या बऱ्याच घरांनी इंग्रजी पत्रावर सह्या केल्यात.

१. क्रॉस मारलेल्या झाडांचं काम लगेच थांबवा आणि तसं कॉन्ट्रॅक्टरला लेखी कळवा, तोंडी नाही.

२. सर्व्हे पुन्हा करा, संध्याकाळच्या वेळी, कॉकाटूची माहिती असलेल्या माणसाकडून, प्रत्येक ढोलीच्या आत बघून. तो रिपोर्ट जसाच्या तसा पब्लिक करा, चार ओळींचा सारांश नको.

३. रहिवाशांनी दिलेल्या नोंदी रिपोर्टला जोडा. खोट्या वाटल्या तर कुणाला तरी पाठवून तपासा, पण बाजूला टाकू नका.

४. बुलोकची रांग फेडरल यादीतल्या वुडलँडमध्ये बसते का हे फेडरल खात्याला विचारा आणि त्यांचं उत्तर येईपर्यंत रोड सेफ्टीच्या नावाने झाडं काढायची सवलत वापरू नका.

५. बारेन्गी गाजिनला झाडं दाखवा.

६. पुलिंग बे आणि समोरची बाजू, या दोन्ही पर्यायांचा खर्च काढून मीटिंगमध्ये मांडा. आकडे बघून मग बोलू.

७. मागच्या वेळची रोपं किती जगली ते मोजून सांगा. मेलेल्यांच्या जागी नवीन लावा आणि दोन उन्हाळे पाणी घाला.

८. हार्वेस्ट आणि ख्रिसमसमध्ये अशी नोटीस पुन्हा काढू नका.

पुढच्या मीटिंगच्या पब्लिक क्वेश्चन टाइमसाठी मी नाव दिलंय. शिफ्ट बदलून घेतलीये. मला दोन मिनिटं मिळतात असं कळलं, त्यात मी फक्त दुसरी आणि सहावी मागणी विचारणार आहे, तेव्हा त्याचं उत्तर तयार ठेवा. आणि कुणा कौन्सिलरला आधी झाडं बघायची असतील तर कुठल्याही दिवशी मावळतीच्या तासभर आधी या, मी रोडवर असते, खुर्ची मी आणते, चहा पण.

आपली,
याच रोडवर राहणारी एक रेटपेयर